मधलं नाव

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०

बाहेर बर्फ, आत गिरीशचं घोरणं. नवीन वर्षाची सुरुवात मी एकटीनेच केली.

यंदाचे संकल्प. लवकर उठणं (झालं). नातीशी, रुहीशी, फक्त मराठीत बोलणं. कुणाला टाकून न बोलणं. आणि मुख्य म्हणजे शोभनाच्या माहेरची वंशावळ पूर्ण करणं, कारण ते काम तिच्या माहेरच्या माणसांकडून या जन्मी होणार नाही. ती माणसं आळशी आहेत. हे टाकून बोलणं नाही, निरीक्षण आहे.

शोभना म्हणजे आमची सून. स्पेलिंग एस-आय-ओ-बी-एच-ए-एन. उच्चार म्हणे शिव्हॉन. त्यात व्ही कुठे आहे हे बारा वर्षांत मला कुणी दाखवलेलं नाही. मी अक्षरं जशी आहेत तशी वाचते. सर्वांत जवळचं शोभना. तिने कधी तक्रार केलेली नाही, म्हणजे तिला पटलेलं आहे.

पुण्याहून प्रल्हाद भाऊजींची मेल आली. गिरीशचे चुलतभाऊ. बँकेत होते, त्यामुळे फॉर्म काढणं त्यांना छान जमतं. नेवरेकर कुलवृत्तांताची नवी आवृत्ती एप्रिलमध्ये निघणार. प्रत्येक घराने माहिती पाठवायची. सुनेचं माहेर, तिच्या वडिलांचं पूर्ण नाव, मूळ गाव, निदान चार पिढ्या. शेवटची तारीख १५ मार्च. माहिती आली नाही तर पुढे ‘उपलब्ध नाही’ असं छापणार.

आमच्या मुलाच्या, राजसच्या, नावापुढे ‘उपलब्ध नाही’. मी जिवंत असताना.

भाऊजींना उलट मेल टाकली: प्रत्येक नावाला दोन पुरावे मागा. पुराव्याशिवाय एक अक्षर छापू नका, मग तो कुणीही असो.

४ जानेवारी, शनिवार

राजसकडे जेवायला. शोभनाला सरळ विचारलं, तुझे पूर्वज आयर्लंडमध्ये कुठले? ती म्हणाली कॅव्हन. गाव? ते नानाला ठाऊक. नाना म्हणजे तिची आजी, नोरा. आमचे व्याही डेनिस, त्यांची आई. त्यांच्यात आजीला नाना म्हणतात. पुढे काय बोलणार.

शोभना म्हणाली, तुम्ही नानालाच का नाही विचारत, तिला आवडेल. नव्वद वर्षांच्या बाईच्या स्मरणशक्तीवर मी इतिहास लिहिणार नाही. मी एम.ए. आहे, इतिहास घेऊन, नागपूर, १९७५, फर्स्ट क्लास. शिवाय सव्वीस वर्षं इन्शुरन्स कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. कागद खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

यांना आपल्या पणजोबांचं गाव सांगता येत नाही. मला उभ्या उभ्या सात पिढ्या म्हणता येतात. गिरीश, वामन, चिंतामण, गोविंद, बाळाजी, राघो, महादेव. टेबलावर म्हणून दाखवल्या. गिरीश म्हणाला, या माझ्या आहेत.

८ जानेवारी, बुधवार

दर बुधवारी रुही शाळेनंतर आमच्याकडे असते. वय दहा. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्यालाही संवाद म्हणतात.

तिचा शाळेचा फोल्डर पाहिला. रुही नोरा नेवरेकर. दहा वर्षं हे नाव पाहते आहे आणि दहा वर्षं तोंडात खडा आल्यासारखं होतं. मध्ये बापाचं नाव हवं. रुही राजस नेवरेकर. जन्माच्या वेळी मी हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. राजस म्हणाला, आई, आमचं ठरलंय. आता हेच पुस्तकात छापून जाणार. दोनशे ऐंशी वर्षांच्या वंशावळीत मध्येच एक नोरा.

रुहीला समजावून सांगितलं की मधलं नाव वडिलांचं असतं. ती म्हणाली, देन व्हाय इज युअर्स गिरीश? आजोबा इज नॉट युअर डॅड. म्हटलं, लग्नानंतर बदलतं, दूध पी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला, कडक झाला. गिरीशने कपात बुडवून खाल्ला.

लायब्ररीत वंशावळवाल्यांचा क्लब आहे, दर मंगळवारी दहा वाजता. प्रमुख पेगी नावाची बाई. स्वेटरवर मांजर. सगळे हौशी. एक गृहस्थ तीन वर्षं एकाच खापरपणजीच्या मागे आहेत. मी म्हटलं, मी दोन महिन्यांत पूर्ण करणार आहे. पेगी म्हणाली, हाउ वंडरफुल. या देशात हा शब्द कुणी कधी अर्थाने वापरत नाही.

तिने सांगितलं की आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे. त्याआधीची बहुतेक नाहीशी. काही सरकारनेच नष्ट केली, उरलेली १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागली तेव्हा गेली. मला आश्चर्य वाटलं नाही. त्यांचं घरातलं कपाट पाहिलं असतं तरी हे सांगता आलं असतं.

घरी येऊन बसले आणि दोन तासांत मला जे दिसलं ते पेगीला तीस वर्षांत दिसलेलं नाही. यांनाही मधलं नाव आहे. प्रत्येकाला. पॅट्रिक जेम्स. थॉमस जोसेफ. जॉन पॅट्रिक. म्हणजे जेम्सचा पॅट्रिक, जोसेफचा थॉमस. अगदी आपल्यासारखंच. अमेरिकेत येऊन यांनी अर्थ घालवला आणि नुसती सवय ठेवली. घर विकून किल्ली जवळ ठेवावी तशी.

याचा अर्थ उघड आहे. रुहीच्या मध्ये राजस असणं ही शोभनाच्याच माहेरची जुनी पद्धत आहे. ती विसरली. मी आठवण करून देणार. १५ मार्चलाच नोराचा नव्वदावा वाढदिवस आहे, चर्चच्या हॉलमध्ये, ऐंशी माणसं. तिथे फ्रेम केलेली वंशावळ देईन, दोन शब्द बोलेन. नंतर नाव बदलण्याचा अर्ज तो काय, कोर्टात एक चक्कर.

२१ जानेवारी, मंगळवार

क्लबमध्ये अजून एक पुरावा. ग्रिफिथ नावाच्या साहेबाने १८५० च्या सुमारास आयर्लंडभर जमिनीची पाहणी केली. आपल्याकडच्या सात-बारासारखं. त्यात एकाच वाडीत एकाच नावाचे दोघे असले की ओळख पटावी म्हणून कंसात बापाचं नाव. वाडीला ते टाउनलँड म्हणतात. टाउन नाही आणि लँडही फारशी नाही.

कंसात बाप. पेगीला दाखवलं. ती म्हणाली, हो, पण ते वेगळं, मिडल नेम म्हणजे त्यांच्याकडे, आणि पुढे काहीतरी लांबण लावायला लागली. म्हटलं, पेगी, माझी पार्किंगची वेळ संपली. लायब्ररीत पार्किंगला वेळ नसते. पण तिचा मुद्दा संपलेला होता.

२९ जानेवारी, बुधवार

शोभनाचे वडील, म्हणजे आमचे व्याही: डेनिस फ्रान्सिस गॅलिगन. म्हणून डेनिसचे वडील फ्रान्सिस.

अडचण एकच. सगळे त्यांना मिक म्हणायचे. नोराच्या भिंतीवरच्या फोटोखालीही मिक. पण ते घरगुती. आमच्या सासऱ्यांना सगळं गाव बापू म्हणायचं. वामन हे नाव गावाने पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या बाराव्याला.

राजस म्हणाला, आई, मिक म्हणजे मायकल. म्हटलं, पुरावा? तो रुहीचे बूट शोधायला गेला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. शिकागोच्या एका पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या साप्ताहिक पत्रकाची स्कॅन केलेली प्रत, १९५८. ‘डेनिस फ्रान्सिस गॅलिगन, बाप्तिस्मा रविवारी.’ आणि पुढच्याच ओळीत, ‘फादर फ्रान्सिस ए. गॅलिगन.’

फादर. फ्रान्सिस. इतकं स्वच्छ तर आपल्याकडच्या जन्मदाखल्यावरही मिळत नाही. राजसला एका ओळीचा मेसेज केला: पुरावा.

आता ए. म्हणजे कोण?

५ फेब्रुवारी, बुधवार

ए. म्हणजे ऑगस्टिन. १९४० ची अमेरिकन जनगणना, शिकागो. फ्रान्सिस ऑगस्टिन गॅलिगन, वय सतरा. घरात कुटुंबप्रमुख थॉमस, जन्म आयर्लंड. हा काका असणार. एकत्र कुटुंब. त्याच घरात एक मायकल, वय नऊ. चुलतभाऊ. एवढ्याशा घरात इतकी माणसं कोंबलेली पाहून गिरीशला आमची पहिली अपार्टमेंट आठवली. तो अर्धा तास तिच्याबद्दल बोलला. मी थॉमस आणि मायकलवर काट मारली.

रुही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, मेबी थॉमस इज द डॅड? इट सेज हेड अँड सन. मुलं चटकन दिसेल त्यावर विश्वास ठेवतात. तिला सांगितलं, संशोधनात जे लिहिलेलं असतं ते वाचायचं नसतं, त्याचा अर्थ लावायचा असतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आयर्लंडमध्ये शिरले. ऑगस्टिन गॅलिगन हवा. कॅव्हनमध्ये ऑगस्टिन नाही. कॉर्कमध्ये आहे. शोभना म्हणाली होती कॅव्हन, पण आधी म्हटलं तसं, माणूस.

यांची आडनावं म्हणजे एक नमुना. गॅलिगन, गिलिगन, गॅलॉगन. एकाच माणसाचं तीन कागदांवर तीन तऱ्हेने. लिहून घेणारा अडाणी आणि सांगणारा त्याहून अडाणी. कित्येकांच्या रकान्यात चक्क ‘वाचता येत नाही’.

वयांचा तर आनंद. १९०१ साली छप्पन्न वर्षांचा गृहस्थ १९११ साली सत्तर. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारा. पेगी म्हणाली, मध्यंतरी सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं होतं. म्हणजे लबाडी. घरी येऊन गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, माझी जन्मतारीख १ जून, तुझ्या भावाची १ जून, प्रल्हादची १ जून. आमच्या वर्गात चाळीसपैकी एकतीस जणांची १ जून. म्हटलं, ते वेगळं. ते मास्तरांनी केलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ऑगस्टिनचं पूर्ण नाव मिळालं. ऑगस्टिन मेरी गॅलिगन.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मेरी.

बापाच्या जागी बाईचं नाव. याचा अर्थ एकच. बाप नाही. मेरीने एकटीने वाढवला असणार, आणि भटजीने, म्हणजे त्यांच्या पाद्र्याने, रकाना रिकामा राहू नये म्हणून आईचंच नाव घातलं असणार.

मी या गोष्टींकडे विशाल मनाने पाहते. पण बारा वर्षं त्या घरातली माणसं आमच्याशी काय ताठ मानेने वागत आली आहेत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पेगीला विश्वासात घेऊन सांगितलं. ती म्हणाली, कॅथलिक लोक मुलग्यांनाही मेरी हे नाव ठेवत, व्हर्जिन मेरीच्या नावाने. तिची आई आयरिश आहे हे तिने त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी विषयच काढला नसता. आपल्या माणसांवर पांघरूण घालणारच.

क्लब सोडला.

५ मार्च, बुधवार

शोभना रुहीला सोडायला आली तर कपाळावर राखेचा फराटा. मी रुमाल पुढे केला. म्हणाली, राहू दे, आज ॲश वेन्सडे, आमचे चाळीस दिवसांचे उपास सुरू. तशीच ऑफिसलाही गेली होती. मी ४५ वर्षांपूर्वी कुंकू लावून इंटरव्ह्यूला गेले तेव्हा ‘रक्त आलंय का’ म्हणून विचारलं होतं. ते सांगितलं. ती म्हणाली, आय नो, यू टोल्ड मी, इट्स हॉरिबल. वाद घालायची सोय नाही त्या मुलीशी.

रुहीने चाळीस दिवस चॉकलेट सोडलंय. माझा बेसनाचा लाडू मात्र चालतो. नोरा म्हणाली म्हणे, लाडू देवाला चालेल.

निघताना शोभनाने विचारलं, कुलवृत्तांताचा फॉर्म मी भरू का, मी प्रल्हाद काकांशी बोलले आहे. म्हटलं, तू राहू दे, ते तज्ज्ञाचं काम आहे.

१० मार्च, सोमवार

भाऊजींना फॉर्म पाठवला. मूळ गाव कॉर्क. पिढ्या चार: डेनिस, फ्रान्सिस, ऑगस्टिन, मेरी (पिता अज्ञात). नातीचं नाव: रुही राजस. पुरावे जोडले.

आमच्या स्वतःच्या पानाचा फॉर्म गिरीशकडे दिला. त्यात काय, नेहमीचंच. आठवडाभर फ्रिजवर होता. आज नाही, म्हणजे त्याने पाठवला असेल.

वंशावळ फ्रेम करून आणली. हिरवा माउंट. दुकानातल्या मुलीने विचारलं, आर यू आयरिश? साडीकडे बघून. या देशात विनोद कळत नाही तो असा.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ७.००

आज. भाषण दोन मिनिटं, पाठ. शेवटी रुहीला पुढे बोलवायचं आणि नाव जाहीर करायचं.

यांच्या आयरिश सणासाठी शिकागोला नदीत हिरवा रंग ओततात आजच. हजारो माणसं बघायला जातात. नदीत रंग.

१५ मार्च. दुपारी ४.३०

घरी.

फ्रेम सुंदर होती हे सगळ्यांनी मान्य केलं.

मी उभी राहिले. म्हटलं, तुम्ही जे विसरलात ते मी शोधून आणलंय. टाळ्या. नंतर म्हटलं, डेनिसचे वडील फादर फ्रान्सिस ऑगस्टिन गॅलिगन.

अशी शांतता मी चर्चच्या हॉलमध्येच काय, चर्चमध्येही ऐकलेली नाही.

कुणीतरी मागून म्हणालं, फादर फ्रँक? ऐंशी माणसांनी नोराकडे पाहिलं. नोराने केकची सुरी खाली ठेवली.

फादर फ्रँक पाद्री होता. मिकचा थोरला भाऊ. मिकचा म्हणजे मायकलचा. डेनिसचा बाप्तिस्मा त्यानेच केला, म्हणून डेनिसला त्याचं नाव मध्ये. हे सगळं डेनिसनी मला सांगितलं, हळू आवाजात, माझा माइक काढून घेता घेता. तसं आधी कुणी सांगितलं असतं तर. राजस म्हणतो त्याने सांगितलं होतं. त्याने मिकचं सांगितलं होतं, पाद्र्याचं नाही.

नोरा हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, फ्रँकला हे फार आवडलं असतं, आणि मिक म्हणाला असता, तरीच डेनिसला फ्रँकसारखं गणित येतं. डेनिस हसले नाहीत.

रुहीच्या नावाची घोषणा राहून गेली. पण रुहीला भाषण ठाऊक होतं, मीच तिच्यासमोर तालीम केली होती. कारमध्ये बसण्यापूर्वी ती मला म्हणाली, चक्क मराठीत, आजी, नोरा माझं आहे, ते घेऊ नको.

१६ मार्च, रविवार

राजसचा फोन. आई, पुढचे काही बुधवार रुहीला नाही पाठवत. काही म्हणजे किती विचारलं. काही, म्हणाला. शिव्हॉन रागावलेली नाही, म्हणाला, दमलेली आहे. तो आजपर्यंत माझ्याशी बोलताना शोभनाच म्हणायचा.

चूक कुणाची याचा शांतपणे विचार केला. पत्रक छापणाऱ्याची. ‘फादर’नंतर स्पष्ट ‘पाद्री’ असं लिहायला हवं होतं.

१९ मार्च, बुधवार

साडेतीनला दूध गरम केलं. सवयीने. गिरीशने प्यायलं.

तो म्हणाला, तुला सीमा नावाने कुणी हाक मारल्याला किती वर्षं झाली? विषय काय, बोलतो काय. म्हटलं, एकोणपन्नास. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीने ‘प्रतिमा’ काढलं, संपलं. सासूबाईंच्या घरी एक सीमा आधीच होती, मोठ्या जाऊबाई, दोन कशाला. सीमा दामोदर आठल्येची सकाळी अकराला प्रतिमा गिरीश नेवरेकर झाली. तिन्ही नावं एका मुहूर्तावर. पद्धत होती. सगळ्याच जणी बदलायच्या, कुणी रडत बसलं नाही.

तो म्हणाला, मी नुसतं विचारलं. एक नाव काढायला निघालीस म्हणून.

टीव्ही लावला.

२४ मार्च, सोमवार

नोराने चहाला बोलावलं. आभार मानायला असणार, असं जाताना वाटलं होतं. एवढ्या फ्रेमबद्दल कुणीतरी मानायला हवेत.

भिंतीवर फ्रेम लावलेली. मिकच्या फोटोशेजारी, पाद्र्यासकट. म्हणाली, रोज सकाळी हसायला मिळतं, या वयात डॉक्टर त्याहून वाईट काहीतरी देतात.

नंतर तिने बायबल काढलं. जाड, पाठीला टेप लावलेलं. मधल्या कोऱ्या पानांवर गॅलिगन. थॉमस, १९१२ साली आला, वय एकोणीस. त्याचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. कॅव्हन. वाडीसकट. बायकांची माहेरची आडनावं, मेलेली बाळंसुद्धा. म्हणाली, तू विचारलं असतंस तर. म्हटलं, मला तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता.

पान उलटलं तर आम्ही. राजस आणि शिव्हॉन, लग्न २०१२. वर गिरीश, वामन. माझ्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात: प्रतिमा, जन्मनाव सीमा, दामोदर आठल्ये यांची मुलगी, वाई. पुढे कंसात तांदळाच्या ताटाची गोष्ट, तीन ओळी.

लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं होतं म्हणे, तुझं आधीचं नाव काय. मी पाऊण तास सांगत होते म्हणाली. तिने पेपर नॅपकिनवर उतरवून घेतलं आणि घरी येऊन लिहिलं. मला यातलं काही आठवत नाही. त्या दिवशी मी केटररवर चिडले होते तेवढं आठवतं.

आठल्येचं स्पेलिंग चूक आहे. तसं सांगितलं. तिने पेन पुढे केलं. घाईत होते, पुन्हा करीन म्हटलं.

माझ्या आईच्या नावापुढे पेन्सिलीने एक रेघ होती, कोरी. लक्ष्मी, जन्मनाव, आणि रेघ. ते काय विचारलं. नोरा म्हणाली, ते त्या दिवशी राहिलं, नंतर विचारीन म्हणून ठेवलं.

२६ मार्च, बुधवार

शिव्हॉनला फोन केला. रुहीच्या नावात मला काही बदल सुचवायचा नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, यू सेड शिव्हॉन. म्हटलं, व्ही नाही तरी.

पुढच्या बुधवारी रुही येईल.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी डेकवर उभारली. वाऱ्याने दोनदा पडली.

भाऊजींकडून कुलवृत्तांताच्या आमच्या पानांचं प्रूफ. राजसची नोंद बिनचूक. पत्नी शिव्हॉन, माहेर गॅलिगन, मूळ गाव काउंटी कॅव्हन, पाच पिढ्या. कन्या रुही नोरा. शिव्हॉनने मुदतीआधीच परस्पर पाठवलं होतं, प्रत्येक नावाला दोन-दोन पुरावे लावून. माझा कॉर्कचा फॉर्म पुराव्याअभावी बाद. भाऊजींनी खाली नम्रपणे माझीच मेल चिकटवली होती.

वरच्या ओळीत गिरीश. पत्नी: प्रतिमा. माहेर: माहिती उपलब्ध नाही.

गिरीशला बोलावलं. तो म्हणाला, फॉर्ममध्ये तुझ्या जागी मी ‘विचारून सांगतो’ लिहिलं होतं. मग? मग तू फ्रेमच्या दुकानात होतीस.

भाऊजींना पुण्याला फोन केला. ते म्हणाले, वहिनी, मला ठाऊक आहे हो, मी लग्नात जेवलोय, पण नियम तुमचाच. उद्यापर्यंत पुरावे द्या. आमच्या आठल्यांचं पुस्तक निघालेलं आहे, त्यात मी पाहिलं. दामोदर यांस तीन पुत्र, दोन कन्या. कन्यांची नावं नाहीत, त्या लग्न होऊन गेल्या. हे मीच सगळ्यांना नेहमी सांगते, व्यवस्था म्हणजे व्यवस्था.

एम.ए.चं सर्टिफिकेट सीमाच्या नावाचं होतं. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं त्या वर्षी गेलं. पासपोर्टपासून लायब्ररी कार्डापर्यंत बाकी सगळं प्रतिमाचं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ९.१५

नोराला फोन केला. त्या पानाचा फोटो हवा आहे म्हटलं, पुण्याला पाठवायला, पुरावा म्हणून. तिने का विचारलं नाही. म्हणाली, शिव्हॉन येईल तेव्हा काढून देते, आणि दुसरा पुरावा हवा असेल तर नॅपकिनही अजून आहे, केचपचा डाग आहे थोडा.

मग म्हणाली, फोनवर आहेसच तर ती रेघ भरून टाकू या. पेन्सिल हातात आहे. तुझ्या आईचं जन्मनाव काय?

सांगते, म्हटलं.

लक्ष्मी हे लग्नानंतरचं. त्याआधीचं. मामा तिला ताई म्हणायचे. आजोळचं आडनाव गोंधळेकर की गोंधळकर. नाव. आजी काहीतरी हाक मारायची.

नोरा म्हणाली, थांबते मी, घाई नाही.

लाइन खराब आहे, ऐकू येत नाही, असं सांगून फोन ठेवला.

लाइन उत्तम होती.